जजसाहेब मत मागतात

अण्णा,

मी निवडणुकीला उभा आहे. आमदारकीच्या नाही, घाबरू नका. इथे लंडनमध्ये, हाउन्सलोला, विमानतळाजवळच्या ज्या गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो, तिथे युनियनचा रेप निवडायचाय. रेप म्हणजे कामगारांच्या वतीने मॅनेजरशी बोलणारा. तुमची सून इथे हॉस्पिटलात नर्स, तिच्या व्हिसावर मी आलो, आणि दहावीत गचकलेला तुमचा पोरगा आता कॅन्टीनमध्ये टेबलाटेबलाशी जाऊन मतं मागतोय. मागताना सारखे तुम्ही आठवता.

तुम्ही तालुक्याला वकिली केली, परीक्षा देऊन जज झालात आणि शेवटी जिल्ह्याला अपिलं ऐकत बसलात. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवं क्वार्टर, नवी शाळा. शाळा माझ्या अंगाला लागलीच नाही. बदल्यांमुळे, की माझ्याच पायाला भिंगरी होती म्हणून, कोण जाणे. पण घरातला नियम कुठल्याही गावात तोच. कुणाकडे चहा प्यायचा नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही. उद्या त्याच माणसाची केस माझ्यासमोर आली तर, असं तुम्ही म्हणायचात. आईला शेजारीण नव्हती आणि मी कंपाउंडच्या आत शिपाईमामांबरोबर क्रिकेट खेळायचो.

आणि असा माणूस रिटायर झाल्यावर अपक्ष म्हणून आमदारकीला उभा राहिला. एकदा नाही, दोनदा. तेच ते अन्याय अपिलात येतात, ते जिथे कायदे होतात तिथेच निस्तरले पाहिजेत, असं तुमचं म्हणणं. चिन्ह मिळालं कपबशी. आई तोंडाला पदर लावून हसली होती. जन्मभर जो चहा नाकारला तो आता दारोदार प्यायचा, कारण नाही म्हटलं तर मत गेलं. दुपारपर्यंत तुमचं पित्त खवळलेलं असायचं आणि मी जीप चालवता चालवता तुम्हाला गोळी काढून द्यायचो.

तो बाजारपेठेतला दुकानदार आठवतो? आपण त्याच्या ओट्यावर बसलोय. तो सांगतोय, शेजाऱ्याने बोळात पायऱ्या काढल्यात, निवडून आलात की तेवढ्या पाडून द्या, अख्खी गल्ली तुमच्यामागे उभी करतो. मी मनात म्हणतोय, हो म्हणा. तुम्ही कप खाली ठेवता आणि म्हणता, शेजाऱ्यांना बोलवा. शेजारी बनियनवर येतो. दोघांचं ऐकता, स्वतः बोळात उतरून बघता आणि सगळ्यांसमोर दुकानदारालाच सांगता की पायऱ्या शेजाऱ्याच्या हद्दीत आहेत, बाहेर आलीय ती तुमची मोरी. झालं. गल्ली गेली. शेजाऱ्याचंही मत मिळालं नाही, त्याचा मेव्हणा दुसऱ्या पक्षात.

परतताना मी चिडून म्हणालो, "अण्णा, ही निवडणूक आहे, कोर्ट नाही."

तुम्ही पित्ताची गोळी गिळलीत. मग म्हणालात, "दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय मला हो म्हणताच येत नाही रे. जमत नाही."

तेव्हा मला तो ताठा वाटला. आता वाटतं, तुम्ही खरंच अडचण सांगत होतात. दोन्ही वेळा डिपॉझिट गेलं. दुसऱ्या वेळच्या निकालाच्या दिवशीही तुम्ही जेवून, पेपर वाचून नेहमीसारखे झोपलात.

मागच्या आठवड्यात माझ्याकडेही एक बोळ आला. आमच्यात एक मराठी मुलगा आहे, जन्मलेला इथलाच, कॉव्हेंट्रीचा, बोलतो मजेशीर. संध्याकाळची सगळी शिफ्ट त्याच्या शब्दावर चालते. त्याने फोर्कलिफ्ट रॅकवर घातली आणि त्याला फायनल वॉर्निंग मिळाली, म्हणजे पुढच्या चुकीला नोकरी गेली. त्यावर त्याचं अपील होतं. मी सोबत बसून सांगावं की मागे उभ्या असलेल्या नव्या मुलीनेच हाताने चुकीची खूण केली, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हणालो, आधी तिला विचारू.

"मेट, तू रेपला उभा आहे का जजला?" तो म्हणाला.

मुलीला विचारलं. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, हा फोन बघत होता, ती थांब थांब म्हणून ओरडली होती. मी त्याला सांगितलं, अपिलात तुझ्या शेजारी बसतो, इतकी वर्षं नीट काम केलंस ते सांगतो, डबल शिफ्टला जुंपलं होतं तेही सांगतो, पण तिचं नाव घेणार नाही. काल तसंच केलं. वॉर्निंग साधी झाली, नोकरी टिकली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "थँक्स, पण माझा मत नाही देणार," आणि बसस्टॉपकडे निघून गेला. त्याच्यामागे किती जातील ते सोमवारी मोजणीत कळेल.

आईला फोनवर सांगितलं, कुणी उभं राहत नव्हतं म्हणून नाव दिलंय, हरलो तरी काय बिघडतं. ती म्हणाली, अगदी तुझ्या वडिलांसारखं बोलतोस.  तुम्ही गेलात, हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगतो. मला जिंकायचंय, अण्णा. फार जिंकायचंय.