भोंग्यानंतर लाँड्री कोणी चालवायची

मी, खाली सही करणारी, रुग्णालयांच्या चादरी आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ धुणाऱ्या लाँड्रीची मालकीण, वयाची सत्तरी ओलांडलेली, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू शकेल असे माणूस आजवर एकच भेटले, त्याची हकीकत कलम चारमध्ये येईल. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केलेली होती.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला द्यावे. तो दातांचा डॉक्टर आहे. लाँड्री हवी का, असे मी त्याला दोनदा विचारले. तो म्हणाला, "आई, माझ्यासमोर लोक तोंड उघडतात ते बोलायला नव्हे. तुझी ती माणसं मला झेपायची नाहीत." आईला इतके खरे उत्तर देणारा मुलगा घराला लायक आहे. मात्र वरची खोली त्याच्या बहिणीसाठी कायम मोकळी ठेवावी. तिथे व्यायामाची सायकल आणून तिच्यावर टॉवेल वाळत घालू नयेत. सूनबाईंनीही हे वाचावे.

कलम २. माझी आरामखुर्ची थोरल्या दिरांना द्यावी. माझे यजमान गेले तेव्हा आठवड्याच्या आत येऊन ते म्हणाले होते, "वहिनी, लाँड्री विकून टाका. माणसं हाताळणं तुमचं काम नव्हे." तेव्हापासून ते दर रविवारी येतात आणि बसल्या बसल्या सल्ला देतात. त्या कामाला ही खुर्ची फार सोयीची आहे.

कलम ३. केबिनमधली जाड गादी आमच्या हिशेबनिसांना द्यावी. त्यामागची हकीकत अशी. माझी मुलगी लाँड्रीत रुजू झाली तेव्हा मी तिला एका हॉटेलात नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवले. परत आली ती छातीवर बिल्ला आणि तोंडात नवे शब्द घेऊन. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना गोल उभे केले. एकाने डोळे मिटून मागे पडायचे आणि बाकीच्यांनी त्याला झेलायचे, म्हणजे एकमेकांवर विश्वास बसतो, असा तो खेळ होता. हिशेबनीस सभ्य माणूस, पहिले पुढे झाले. ते मागे झुकले आणि नेमकी तेव्हाच चहाची घंटा वाजली. झेलायला कोणीही उरले नाही. विश्वास बसणे राहू द्या, ते बिचारे महिनाभर नीट बसलेसुद्धा नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून ही गादी.

कलम ४. लाँड्री, म्हणजे जागा, धुण्याची यंत्रे, बॉयलर, इस्त्रीचे रोलर, टेम्पो आणि कटकटी गिऱ्हाइकांसकट सगळा कारभार, मी माझ्या वरील मुलीला देत आहे. गादीची हकीकत वाचून कोणी हरकत घेईल, म्हणून कारण लिहिते.

गेल्या वर्षी माझ्या घशात गाठ झाली. ती साधी निघाली, पण शस्त्रक्रियेनंतर महिनाभर एक अक्षरही बोलायचे नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. लाँड्रीत माझ्या पाठीमागे मला भोंगा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. भोंगा बंद पडल्याची बातमी पोचली तेव्हा सगळ्यांनी चेहरे पाडले. डोळे मात्र हसत होते.

घरी बसणे माझ्या स्वभावात नाही. मी पाटी-खडू घेऊन काचेच्या केबिनमध्ये बसले आणि मुलगी बाहेर कारभार पाहू लागली. सुरुवातीला तिने हुबेहूब माझी नक्कल केली. "विचारत बसू नका, सांगितलं तेवढं करा!" मग माणसे सांगितले तेवढेच करू लागली. कोपऱ्यातला नळ गळत होता. तो बंद करा असे कोणी सांगितले नव्हते, म्हणून येता-जाता सगळे त्याला ओलांडून जात.

धुण्याच्या मोठ्या यंत्रावर जो माणूस आहे, त्याला सगळे भोवरा म्हणतात, कारण तो एका जागी उभा राहत नाही. एके दिवशी सकाळी त्याच्या यंत्रात रुग्णालयाच्या चादरींबरोबर हॉटेलचा एक लालभडक पडदा गेला. झाकण उघडले तर अख्खे रुग्णालय गुलाबी!

"पडदा दिसला नाही तुला?" मुलीने विचारले.

"दिसला की, ताई."

"मग?"

"तुम्हीच म्हणालात, विचारत बसू नका."

मी पाटीवर 'याला आत्ताच्या आत्ता काढून टाक' असे लिहून काचेला लावले. मुलगी आत आली, तिने ते वाचले, रुमालाने पुसले आणि म्हणाली, "आई, आत्ता माणसं कमी करून कसं चालेल?" आणि गेलीसुद्धा! मी काचेवर थापा मारल्या. इस्त्रीवाल्या बायकांना वाटले मी टाळ्या वाजवते आहे. दोघींनी उलट वाजवल्या.

तेवढ्यात रुग्णालयाच्या मेट्रनबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. चादरी दुपारीच हव्या होत्या. आमचे निम्मे काम त्यांच्याकडून येते. ते गेले असते तर निम्मी माणसे घरी बसली असती.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारले.

सगळे जमिनीकडे पाहू लागले. भोवरा जन्मात प्रथमच एका जागी उभा होता.

"मी," मुलगी म्हणाली. "यंत्रावर कोणीही असो, विचारायचं नाही हा हुकूम माझा होता."

"मला कारणं नकोत. दुपारचं राहू द्या, पण संध्याकाळपर्यंत पांढऱ्या चादरी हव्यात."

"मिळतील."

मेट्रनबाई गेल्या. मुलीने एक रिकामी टोपली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "मिळतील म्हणाले खरी. कशा, ते मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

मी डोळे मिटून घेतले. मालकाने असे बोलल्यावर राहिले काय? मग इस्त्रीच्या मुकादमबाई म्हणाल्या, "मागच्या खोलीत राखीव चादरी आहेत. जुन्या आहेत, पण पांढऱ्या. निम्म्या वॉर्डांचं तरी भागेल." भोवरा म्हणाला, "रंग अजून ओला आहे ताई. वाळू दिला नाही तर निघेल. पण मला यंत्र रिकामं हवं." टेम्पोवाला म्हणाला, "हॉटेलवाल्यांना मी समजावतो. त्यांचं धुणं उद्या." मग सगळे एकदम बोलू लागले, आणि ती ऐकत होती. नुसती मान हलवत नव्हती, खरोखर ऐकत होती. हिशेबनीस बाह्या सरसावून घड्या घालायला उभे राहिले. आणि तो कोपऱ्यातला नळ कोणीतरी बंद केला. कोणी ते मी पाहिले नाही, आणि कोणी सांगितलेही नव्हते.

संध्याकाळी चादरी गेल्या. थोड्या फिक्या गुलाबी राहिल्याच. मुलीने त्या लपवल्या नाहीत, वेगळ्या बांधून वर चिठ्ठी लावली. मेट्रनबाईंचा फोन आला, "या गुलाबी लहान मुलांच्या वॉर्डात फार आवडल्या. आणखी आहेत का?"

पुढे डॉक्टरांनी माझे मौन पंधरा दिवसांनी वाढवले. कामगारांचे शिष्टमंडळ त्यांना भेटून आले होते, हे मला मागाहून कळले. भोवऱ्याला काढले नाही, हे बरे झाले असे मी म्हणणार नाही. तो आता यंत्र सुरू करण्यापूर्वी इतके प्रश्न विचारतो की डोके उठते.

माझे ओरडणे चुकीचे होते, असा अर्थ या कलमातून कोणी काढू नये. एवढ्या यंत्रांच्या खडखडाटात कुजबुजून लाँड्री उभी राहिली नसती. पण माझी पाठ वळली की काम थांबायचे. तिची पाठ वळते तेव्हा ते चालू असते. मी काचेआडून पाहिले आहे.

कलम ५. माझा फोटो इस्त्री विभागात लावू नये. वाफेने त्याला सुरकुत्या पडतील. जिवंतपणी पडल्या तेवढ्या पुरेत. मी जाईन त्या दिवशी लाँड्री बंद ठेवू नये. रुग्णालयात त्या दिवशीही लोक झोपलेले असतील. रडायचे असेल त्यांनी आळीपाळीने रडावे.

हे मृत्युपत्र खरे तर आज सकाळीच पुरे व्हायचे होते. साक्षीसाठी मी मुकादमबाईंना आणि टेम्पोवाल्याला केबिनमधून हाक मारली. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे. मुकादमबाई रोलरवरचे हात न थांबवता म्हणाल्या, "येते हं बाईसाहेब, ताईंना विचारून."

"इथे मालकीण कोण आहे?" मी विचारले.

"तुम्हीच की! पण मधेच रोलर सोडायचा नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

मला इतका राग आला की हा कागद मी टराटरा फाडणार होते. मग पाणी प्यायले, खाली बसले आणि जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली.

वर लिहिलेले मी स्वतः वाचले, ते मला मान्य आहे, आणि दोघा साक्षीदारांसमोर मी सही करत आहे.

सही: लाँड्रीच्या मालकीणबाई (लिहून देणार)

साक्षीदार: इस्त्री विभागाच्या मुकादमबाई (सही; बोटांना स्टार्च असल्यामुळे कागद किंचित कडक झाला आहे)

साक्षीदार: टेम्पोचालक (सही)

ठिकाण: लाँड्रीची केबिन

दिनांक: महिन्याचा पहिला मंगळवार, जेवणाच्या सुट्टीत, ताईंच्या परवानगीने