कुटुंब म्हणजे कोण

मुळशी, बुधवार, मार्गशीर्ष

...हे हयात असताना एकदा चूल सारवत होते मी, आणि हे ओटीवरच्या पाहुण्याला म्हणाले, "बसा, आमच्या कुटुंबाच्या हातचा चहा घेऊन जा." मला हसू आलं होतं. आज तोच शब्द डोक्यातून जात नाही.

दुपारी धाकटे दीर आले. यांनी शेवटच्या आजारपणात लिहिलेली चिठ्ठी त्यांना ठाऊक आहे: ओढ्याकडचे भाताचे खाचर माझे कुटुंबाकडे राहावे.

"वहिनी, कुटुंब म्हंजी आपण समदीच की! एवढं लई वाचता, आन् हे कळंना व्हय? उद्या वाटणीच्या कागदावर सही करा."

 ते गेल्यावर वाटलं, यांच्या मनात खरंच सगळे असतील तर?

मग ट्रंकेच्या तळाची जुनी वर्तमानपत्रं काढली. त्यांवरच मी वाचायला शिकले. एका अंकात आहे, कोणा मास्तरांचे कुटुंब बाळंतपणात वारले, मागे पती व दोन मुली आहेत. पूर्वी सगळं घरच गेलं समजून मी रडले होते. पण नवरा आणि मुली मागे आहेत, म्हणजे गेली ती बायकोच. दुसऱ्या अंकात, डॉक्टर व त्यांचे कुटुंब असे दोघेही समारंभास हजर होते. दोघेही!

म्हणजे यांचं कुटुंब मीच. पण बाईनं रद्दीतून काढलेला अर्थ कोण मानणार? 

गुरुवार. सही केली नाही. चिठ्ठी आणि दोन्ही अंक घेऊन पौडला गेले, कचेरीत खाचर माझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला.