लेणं म्हणजे काय

१० जून

— तर आरोही अजून "बघू" वरच आहे. तिचं बघू म्हणजे नाही. आठवीपासून एका बेंचवर बसतोय, मला माहितीये.

झालंय असं की बारावीला एन्शन्ट सिव्हिलायझेशन्सला आम्ही दोघीच उरलो. हर्षल अकाउंट्सला पळाला. प्रिन्सिपल छाया मॅडम म्हणाल्या, अकरावी-बारावी मिळून पाच जण झाले नाहीत तर विषय बंद, तुम्ही इकॉनॉमिक्स घ्या. पाच! अख्ख्या नाशिकमध्ये ग्रीसच्या रंगवलेल्या मडक्यांसाठी झोप उडालेली बहुतेक मीच एकटी.

हर्षल म्हणतो, "मेलेल्या लोकांचा विषय तो. मरणारच ना."

हसले मी. जोक चांगला होता.

१३ जून

शेवटचा चान्स. २१ ला ओपन डे, अकरावीची नवीन मुलं आणि पॅरेंट्स येणार. आमचा विषय शिकवणाऱ्या धनराज सरांनी माझ्यासाठी दहा मिनिटं मागून घेतली. म्हणाले, "अथेन्स नको. पांडवलेणीवर बोल, लोकांना जवळचं वाटतं."

सर आणखी दोन कॉलेजांत शिकवतात, तरी माझी वही घरी नेऊन तपासतात. प्रत्येक पानावर लाल टिक आणि खाली "गुड". बाकी टीचर्स नुसती सही मारतात. रोजनिशी मराठीत लिहायला पण त्यांनीच सांगितलं — डोंगरावरच्या लोकांनी बोलायच्या भाषेत दगडावर लिहिलं, तू कशाला इंग्लिशमध्ये लिहितेस? म्हणून हे चुकतमाकत चाललंय. ऱ्हस्व-दीर्घ विचारू नये.

१५ जून

केव्हजला जाऊन आले. एकटीच. आरोहीला "पाय दुखतात".

पायऱ्यांवर सगळे रील काढत होते. मी सरांनी दिलेली शिलालेखांची झेरॉक्स हातात धरून एकेक अक्षर शोधत बसले. एका केव्हवर मुगुदास नावाच्या कोळ्याचं नाव आहे. राजा नाही, शेठ नाही — कोळी! सहकुटुंब "लेण" दान केलं म्हणे. लेण म्हणजे काय ते झेरॉक्समध्ये नव्हतं. पण ते मला येतं. आई सोनाराच्या दुकानासमोरून जाताना म्हणते ना, बाईच्या अंगावर काहीतरी लेणं पाहिजे. दागिना. म्हणजे त्या माणसाने घरातले दागिने दिले. बायकोने काढून दिले असतील का? रडायला आलं तिथेच.

याच्यावरच बोलायचं. ठरलं.

१८ जून

भाषण वहीत लिहून सरांना दिलं. तीच दोनशे पानी वही, झेंडूचा पिवळा डाग पडलेली. (मागच्या गणपतीत आईला कागद सापडेना, तर कोणाला किती हार द्यायचे ते तिने यातच लिहायला लावलं होतं.) आज परत आली. टिक. गुड. आता भीती नाही.

२१ जून

संपलं.

२२ जून

काल लिहवलं नाही.

हॉल भरलेला. आई पण आली होती, फुलबाजारातून थेट, मागे उभी. मी छान बोलत होते, खरंच. मुगुदासाच्या बायकोने हातातले दागिने कसे काढले असतील ते सांगितलं. हॉल शांत. मला वाटलं, जमलं.

पहिल्या रांगेतले एक काका उठले. एकदम प्रेमाने म्हणाले, "बेटा, मग पांडवलेणी म्हणजे पांडवांचे दागिने का?"

अख्खा हॉल हसला. आरोही पण. छाया मॅडमनी तोंडावर फाइल धरली.

लेणं म्हणजे केव्ह. एक लेणं, अनेक लेणी. जन्मापासून पांडवलेणी म्हणतेय मी, सिन्नर म्हणावं तसं. त्या नावात एक शब्द आहे आणि त्याला अर्थ आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही. त्या माणसाने दागिने नाही, लेणं दिलं होतं. मी त्याच्याच दारात उभी राहून वाचत होते.

सर खाली मोबाइल बघत होते. नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "होतं गं. पण मी तुला म्हटलं होतं ना, तो शब्द एकदा बघून घे."

म्हणाले होते? मला आठवत नाही. माझंच लक्ष नसेल.

रिक्षात आई म्हणाली, "दागिना बी लेणंच की. तू चुकली कुठं? त्या माणसाला लय हुशारी दाखवायची व्हती." मग तिने माझ्या केसातली झेंडूची पाकळी काढली. माझ्या केसात झेंडू कसा आला काय माहीत. तिच्याच हाताचा असेल.

३० जून

नवीन नावं — शून्य. विषय बंद. आरोहीने आधीच इकॉनॉमिक्सचं पुस्तक घेतलं होतं. कव्हर पण घालून झालं होतं.

९ जुलै

डिमांड कर्व्ह.

२५ जुलै

गेटवर धनराज सर भेटले. आमच्याकडचं त्यांचं काम संपलं. म्हणाले, "परीक्षा नसली म्हणून काय झालं? रविवारी घरी ये, शिकवतो. तुझ्यासारखी स्टुडंट मला मिळाली नाही."

दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

३ ऑगस्ट

सरांचा मेसेज — या रविवारी नको.

१७ ऑगस्ट

आजही नको. २४ ला नक्की म्हणाले. काय विचारायचं ते लिहून ठेवलंय. सव्वीस प्रश्न.

२० ऑगस्ट

गणपती आठवड्यावर आले. आई म्हणाली, "मागच्या सालची हाराची यादी कुठंय गं? तुझ्या वहीत व्हती." काढून दिली. सावित्रीबाई — शेवंती चार. तालमीचं मंडळ — झेंडू मोठा एक. नारळाचं दुकान — दोन, दुर्वा वेगळ्या.

खाली लाल टिक. गुड.

आई विचारतेय, "तुझ्या सरांनी हे बी तपासलं व्हय?"

मग मी भाषणाचं पान काढलं. "दागिने" वर, अगदी त्याच शब्दावरून, टिक गेलीये.

रविवारी जाऊ का? तुला काय वाटतं, रोजनिशी?