पंखांचं कापड

१८ फेब्रुवारी, रविवार

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय, म्हणजे तुम्ही चढतच असणार. इकडे मी ठीक. शिलाईचं दुकान बरं चाललंय. शिवाय मी एक बाँबफेकी विमान केलं.

हसू नका, सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक नकाशेवाले राहतात. जन्मभर पुलांचे नकाशे काढले, आता निवृत्त. एकदा दुकानात आले आणि सगळ्यात पातळ रेशमाचा तुकडा मागू लागले. कशासाठी, तर म्हणे पंखांसाठी. मला वाटलं, माणूस कामातून गेला. मग त्यांनी कागद उलगडला. विमानं नवी होती त्या काळातलं, एकावर एक दोन पंखांचं विमान. असं विमान कुणी कधी बांधलेलंच नाही, सगळं त्यांच्या डोक्यातलं. त्याची हातभर लांब प्रतिकृती करायची, आणि बाजारातले तयार भाग आणून जोडायचे नाहीत, एकेक तुकडा हातानं करायचा.

कामट्या तासून पंखांच्या फासळ्या त्यांनी केल्या. कापड माझ्याकडे. पहिल्या खेपेला मी खळ फार दाट दिली. सुकताना रेशीम इतकं आवळलं, की अख्खा पंख वाळक्या पानासारखा वळला. त्यांनी नवी कामटी घेतली आणि पुन्हा तासायला बसले. आपले हे असते तर आधी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मग स्वतःच खळ ढवळत बसले असते.

चाकं कोटाच्या बटणांची केली. पंखांमधल्या तारा म्हणजे माझा काजाचा दोरा. बाँबवरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, बाँब लावू देणार नाही. ते म्हणाले, मग याला मालगाडी म्हणा. दोन दिवस काम बंद. शेवटी तेच खाली आले.

"अहो, हे कधी उडालंच नाही. याच्या हातून कुणी मेलेलं नाही. जगात एवढं एकच निरपराध बाँबफेकी विमान असेल."

मी बटणांचा डबा उघडला. बाँबसाठी काळे मणी काढून दिले.

वन्सं, दुकान बंद करून वर जाताना मी जिन्यातच गुणगुणायला लागायची. हे गेल्यापासून माझं गुणगुणणं थांबलंय, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात.

गेल्या रविवारी वाचनालयात अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं. परीक्षक म्हणून एक म्हातारे वैमानिक आले होते. त्यांनी भिंग लावून पंख पाहिले आणि विमानाचं नाव विचारलं. नकाशेवाल्यांनी सांगितलं, असं विमान नव्हतंच. वैमानिक म्हणाले, "नसेल. पण असतं तर मी बसलो असतो." बक्षीस एका जहाजाला मिळालं. नकाशेवाले मात्र उगीचच चष्म्याची काच पुसत राहिले.

विमानाखालच्या पाटीवर त्यांनी दोघांची नावं लिहिली होती. मला आधी सांगितलंही नव्हतं. घरी येताना विमानाचं खोकं मधे धरून आम्ही चाललो होतो. ते म्हणाले, "पाटीवर नावं शोभत होती. एका दारावर शोभतील का?"

मी म्हटलं, वन्संना विचारते.

तेव्हापासून रोज कागद घेऊन बसते आणि गुडघ्याची चौकशी करून उठते. आज सगळं लिहिते. विचारते म्हटलं खरं, पण घरी पोचायच्या आत मी हो म्हणून टाकलं होतं. राहवलंच नाही. खूप आनंदात आहे हो मी.

भीती एकच आहे. तुमच्या भावामुळे तुम्ही मला मिळालात. पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत माझी बाजू घेतलीत, ती आजवर सोडली नाहीत. आता दारावरचं नाव बदलेल. तुम्ही नको बदलायला.

पुढच्या महिन्यात विवाह नोंदणी कचेरीत सह्या आहेत. साक्षीदार म्हणून पहिली सही तुमची हवी. फोन करू नका, माझ्यानं बोलवणार नाही. सरळ या.

तुम्हाला रुचलं तरी आणि न रुचलं तरी,
तुमचीच,
वहिनी