अंगठा दाखवल्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (सातच अंगांनी, आठवं बिघडलंय). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? आमचं ठीक चाललंय, म्हणायचं म्हणून म्हणतो. अक्षर वाचता येतंय त्यावरून ओळखलंच असशील की मी सांगतोय आणि ही लिहितेय. (ताई, यापुढचे कंस माझे. ह्यांना वाचून दाखवणार नाही.)

आधी त्या फोनचं. तू भाचीबाईंच्या कोटाचं विचारलंस, हिने सांगितलं, "ते अंगठा दाखवायला गेलेत," आणि तू फोन आपटलास. अगं, डॉक्टरांना दाखवायला! तुला अंगठा दाखवायची माझी काय बिशाद? आणि दाखवीन म्हटलं तरी तो वर होत नाही, हेच तर रडगाणं आहे.

झालं काय, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून खुर्चीच्या पाठीवरून हात टाकून जरा डोळा लावला. (जरा? घोरणं रस्त्यापलीकडे ऐकू येत होतं.) उठतो तर उजवा पंजा मनगटातून लोंबतोय आणि अंगठा आत मुडपून बसलाय. डॉक्टर म्हणाले, दंडाची नस दाबली गेली, हळूहळू जागी होईल. झोपलो मी दुपारभर, आणि ही बया अजून उठायला तयार नाही! दर खेपेला डॉक्टर म्हणतात, अंगठा वर करा. मी दातओठ खातो, भुवया वर जातात, कान हलतात. अंगठा मात्र रुसलेल्या जावयासारखा ढिम्म. कंटाळलो गं ताई. मशीन पायाने चालतं, कापड डाव्या हाताने सरकतं, पण अंगठ्याशिवाय कात्री उघडत नाही. डाव्या हाताने एका जुन्या चादरीवर कापून पाहिलं, नाही जमलं. (चादर नवी होती.)

तेव्हा कोट दुसऱ्या शिंप्याकडे दे. पोरगी नोकरीच्या पहिल्या दिवशी कोटात दिसली म्हणजे झालं, कोणी का शिवेना.

तुझा धाकटा

ता. क. मला खरंच काही वाटणार नाही.

ता. क. (हा माझा) ताई, एवढं सांगून हे उठले आणि तुमचं कापड कपाटात ठेवून कुलूप लावून आले. मामंजींच्या वेळी कापायचात तुम्ही आणि शिवायचे हे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. म्हटलं, मग ताईंनाच बोलवा की! तर म्हणे, तिला कशाला त्रास. थोड्या वेळाने येऊन पेन मागितलं. खालचा शब्द ह्यांनी उजव्या हाताने लिहिलाय, चार कागद वाया घालवून. मात्रा कागदाबाहेर गेली असेल, समजून घ्या.

ये