रिकाम्या बाटल्यांचा नफा

मी, नारायण तुळशीराम पाचपोळ, वय एकाहत्तर, राहणार मलकापूर, धंदा बिअर शॉपी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल शंका नको; तीस वर्षे बिअर विकली, चाखली कधीच नाही.

१. दुकान व त्याचा परवाना, उत्पादन शुल्क खात्याच्या मंजुरीने, माझी पत्नी सत्यभामाबाई हिला. मुलगा ऋत्विक याला हे टोचेल, म्हणून कारण देतो. बाटलीमागे मला पंधरा रुपये सुटत. त्यातूनच भाडे, नोकर आणि परवान्याची फी. थंड बाटलीचे छापील किमतीवर पाच रुपये जास्त घेत आलो. ते कायद्यात बसत नाही, कबूल. तोच खरा नफा असे समजत होतो. तो सगळा फ्रिजच्या वीजबिलाने गिळला.

सत्यभामाबाईने दुकानाचा एक रुपया घरात घेतला नाही. घर तिच्या वांगी-मेथीच्या विक्रीवर चालले. टाळेबंदीत दुकान बंद पडले, फी भरायला पैसे नव्हते, परवाना हातचा जाणार होता. तेव्हा तिने ज्वारीच्या कोठीतून एक लाख चाळीस हजार काढून माझ्यासमोर ठेवले.

"कुठून आणले?"

"तुमच्याच दुकानामागून. लोकं पिऊन बाटल्या फेकत. म्या वीस वर्षं वेचून भंगारवाल्याले इकल्या. दारूचा पैसा मले नाई पायजे, फेकलेल्या काचेचा चालते."

भांडवल शून्य, वीजबिल शून्य. मी आधी रडलो, मग पोट धरून हसलो.

२. ऋत्विक पुण्याहून बिअर बनवायला शिकून आला आहे. "बाबा, विकण्यात काय ठेवलंय? मार्जिन बनवण्यात आहे. दुकान काढून टाका," म्हणतो. दुकान राहील. टाळेबंदीनंतर बँकेत साठलेली थोडी ठेव त्याला, खुशाल बिअर बनवावी. अट एकच, आधी सहा महिने आईसोबत बाटल्या वेचाव्यात.

३. मोठा फ्रिज दुकानातच राहील. शेजारचे बिअर दुकानदार उकंडराव यांचा त्यावर डोळा आहे. "नारायणकडची बाटली कोमट" असे सांगून त्यांनी माझी गिऱ्हाइके पळवली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीला बोलावले.

४. हे सर्व सत्यभामाबाईला वाचून दाखवले. मला भीती होती, ती दुकान नाकारेल. ती म्हणाली, "घेतो. पन थे थंडचे पाच रुपये बंद. आन् त्याच्यासाठी तुमच्या मरायची वाट काऊन पाहू?"

आज सकाळपासून ते बंद आहेत.

लिहून देणार : नारायण तुळशीराम पाचपोळ (सही)
साक्षीदार : १. उकंडराव (सही, नाराजीने) २. दयाराम, भंगारवाले (सही)
मलकापूर, जि. बुलढाणा, १२ जानेवारी २०२५