पेठचा पक्का खडक

बुधवार, ३ डिसेंबर २००३, नाशिक

आजही खडक मिळाला नाही. भूकंपात गोदाकाठची मऊ माती किती जास्त हलते ते मोजायचं, तर तुलनेला एक पक्का, शांत खडक हवाच. पेठच्या बाजूला प्रत्येक गावात मी विचारते, "इथला सगळ्यात पक्का खडक कुठला?" आणि लोक कौतुकानं नेऊन दाखवतात ते त्यांचं खडकावरचं खळं. आजच्या मावशी म्हणाल्या, "लय पक्का हाय ताई, आख्खं गाव हिथंच नागली झोडतं." काठ्या चालूच होत्या. माझ्या कंपनं मोजायच्या यंत्रावरची रेघ नुसती थरथरत होती. खडकात काही खोट नव्हती. मग माझं विचारणंच चुकतंय का?

घरी येऊन बुटांतले नागलीचे दाणे झटकत होते, तेवढ्यात सिन्नरहून दादाचा फोन. वहिनीला झेपत नाही, आई आता तुझ्याकडेच राहू दे, म्हणाला. "तू पक्की आहेस गं, तुला जमतं." हो म्हटलं. आईचं काही नाही, ती येऊ दे. पण मला जमेल का, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

बुटांत अजून दाणे आहेतच. उद्या गावात वेगळं विचारायचं: ज्याच्यावर कुणी काही झोडत नाही, असा खडक आहे का?